टेकडीवरच्या पवनचक्क्या (घरचा ग्रुप)

आत्या: टेकडीवर आखणीचे खुंट कुणी ठोकले? कुणाला विचारून? विहिरीच्या वेळीही मला सगळ्यांच्या शेवटी कळलं होतं.

नाना: अगं, कंपनीची नुसती मोजणी आहे. सही कुणी केलेली नाही. तीनच पवनचक्क्या. धूर नाही, राख नाही.

अण्णा: पवनचक्कीचं आयुष्य २०-२५ वर्षं. नंतर ती उतरवणार कोण? करारात लिहून घ्या.

बाळ्या: आधी माझ्या खोलीतला पंखा दुरुस्त करा 😄

वहिनी: बाळ्या, गप. आवाजाचं सांगा कुणीतरी. आईंना आधीच झोप नाही.

नाना: ५०० मीटरवर साधारण ४० डेसिबल. आपण बोलतो त्याहून कमी.

ताई: नाना, दिवसा जाणवणार नाही. रात्री सगळीकडे सामसूम झाली की तोच आवाज कानात बसतो, कारण तो सलग नसतो, पात्यागणिक सूं... सूं... येत राहतो. शिवाय ऊन तिरपं असताना पात्यांची सावली खिडकीवर लपलपते. जर्मनीत घरावर अशी सावली वर्षाला ३० तासांपेक्षा जास्त चालत नाही.

नाना: तू कायम विरोधातच.

ताई: विरोध नाही नाना. पवनऊर्जा मला हवीच आहे, जागा नीट बघून.

आत्या: आणि कड्यावरची घारींची जोडी?

ताई: साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास झालाय, २०१८ साली छापून आला. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले. पक्षी आपटून मरतात एवढंच नाही, अख्खी साखळी हलते.

नाना: मांजरी याहून कितीतरी पक्षी मारतात.

ताई: मांजर घार मारत नाही हो. मोठ्या शिकारी पक्ष्यांची पिल्लं मोजकी, एक जोडी गेली की भरून यायला वर्षं लागतात.

बाळ्या: नॉर्वेत एक पातं काळं रंगवलं तर पक्षी वाचले म्हणे?

ताई: हो, स्मोला बेटावर मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. पण रंगवलेल्या पवनचक्क्या फक्त ४, त्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. वटवाघळंही पात्यांपाशी मरतात, त्यांच्यासाठीचा उपाय जास्त पक्का. ती मंद वाऱ्याच्या रात्री उडतात. तेव्हा वारा सेकंदाला ५ मीटरच्या खाली असेपर्यंत पाती थांबवायची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणजे मंद वाऱ्यातली वीज मुळात किरकोळ. कंपनीचं फार नुकसान नाही.

अण्णा: उतरवणार कोण? करारात लिहून घ्या.

वहिनी: अण्णा, वाचलं हो सगळ्यांनी.

अण्णा: वाचलंत, उत्तर कुणी दिलं? पवनचक्कीच्या पायामध्ये शेकडो घनमीटर काँक्रीट असतं. पाती फायबरची, वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. कंपनी बुडाली तर ते ओझं पोरांच्या डोक्यावर.

नाना: हे बरोबर आहे. अनामत रक्कम आधीच वेगळी ठेवायला सांगतो.

आत्या: आणि रस्ता? पातं पन्नास-साठ मीटर लांब, सहसा अखंडच आणतात. आपल्या त्या वळणावरून कसं वळणार? टेकडी फोडणार ना? झरा बरोब्बर त्याच्याखाली आहे. त्या पाण्यावर आपण वाढलो, नाना.

नाना: रस्त्याचा नकाशा मी बघितलेला नाही.

आत्या: न बघताच मोजणी करू दिलीस?

वहिनी: रविवारी सगळे बसूया. भांडण नको.

ताई: त्याआधी वर्षभर पक्षी आणि वटवाघळांची नोंद मागा. प्रत्येक ऋतूत चित्र वेगळं असतं.

नाना: बरं. तोवर खुंट काढायला सांगतो.

आत्या: कधी?

नाना: उद्या सकाळी.

आत्या: फोटो टाक.

अण्णा: आणि उतरवण्याचं लेखी.