लॉ कॉलेजच्या वर्षभराच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहू?

तापीकाठ_एलएलबी:
नमस्कार मंडळी, मी लॉ सेकंड इयरला, कबचौउमविच्या (जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) अंडरच. कॉलेजच्या अंकासाठी वर्षभरात काय काय झालं ते लिहायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलंय. मूट कोर्टात (पोरांची लुटूपुटूच्या खटल्याची स्पर्धा) आमची टीम दुसरी आली, संविधान दिन झाला, नव्या फौजदारी कायद्यांवर लेक्चर झालं आणि धडगावकडे एका पाड्यावर विधी साक्षरता शिबिर घेतलं. सर म्हणता ट्रॉफीचा फोटो पानभर टाक, शिबिराला दोन ओळी बस. मला उलटं वाटतंय. काय करू?

काळा_कोट_धुळे:
ट्रॉफी टाक भो, पोरांनी रात्र रात्र जागून मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, केलेलं असतं. फक्त "मान्यवरांनी मोलाचे मार्गदर्शन केले" असलं लिहू नको, कोणी वाचत नाही. लेक्चरचं लिहायचं तर हे लिही की १ जुलै २०२४ पासून ४२० जाऊन फसवणूक नव्या भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आली, खुनाचं ३०२ चं १०३ झालं, पण त्या तारखेआधी घडलेले गुन्हे अजून आयपीसी, म्हणजे जुन्या दंड संहितेखालीच चालताय म्हणून तुम्हाला दोन्ही आकडे पाठ करावे लागता. बाररूममध्ये तर सगळे अजून तीनशेदोनच म्हणता.

सातपुड्याची_लेक:
मी त्याच भागातली. शिबिरं लई पाहिली, बॅनर लावता, फोटो काढता, गाडी परत. वनहक्काचं काही सांगितलं का तुम्ही? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलाची जमीन ताब्यात होती हे दाखवायचं असतं, त्याला गावातल्या जुन्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, पण लोक जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्याच शोधत बसता. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वर दाद मागता येते हे तर कोणी बोलतच नाही. आणि पावरी, आमची बोली, बोलणारं कोणी होतं का सोबत?

तापीकाठ_एलएलबी:
होती ना ताई, फर्स्ट इयरची एक पोरगी, तिच्यामुळेच बायका बोलायला लागल्या. पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, नवराबायको दोघांच्या नावावर निघतो हे तिने सांगितलं तेव्हा मागे बसलेल्या उठून पुढे आल्या. मग शेजारच्या शेताबद्दल एका आजोबांचा जबाब ओट्यावर बसून लिहिला, त्यांना साल आठवेना, शेवटी पोरीच्या लग्नावरून हिशोब लावला आणि अंगठा घेतला.

भुसावळकर:
अरे मग हेच लिही ना, भारी काम शे भो! खाली चौकटीत १५१०० टाक, मोफत कायदेशीर मदतीचा नंबर. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस, यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. आमच्या गल्लीतसुद्धा कोणाला माहीत नाही, पाड्यावरचं सोडूनच द्या.

सातपुड्याची_लेक:
जबाब ठीक आहे, पण ग्रामसभेचा ठराव झाला का? त्याशिवाय दावा प्रांतांच्या समितीकडे जातच नाही.

तापीकाठ_एलएलबी:
नाही ना, कोरम भरला नाही म्हणून पुढे ढकलली. पुढच्या सभेला आम्ही चौघं जातोय, सरांना म्हणतो तोवर ते पान मोकळं ठेवा. ट्रॉफी मागच्या कव्हरवर टाकतो.