पाककृती वगळून वाचू नका

नाताळातल्या खुनाच्या या रहस्यकथेबद्दल "मधेमधे येणाऱ्या पाककृतींनी गोष्ट अडते" असं दोघा वाचकांनी म्हटलंय. मला नाही पटलं. खुनी मलाही अर्ध्यातच कळला, ते सोडा. पण नाताळच्या गडबडीत ओव्हनपाशी कोण कधी होतं, हे पाककृतीतल्या वेळांवरूनच तर उलगडतं. अनारसे करणाऱ्याला हे सांगायला नको. तांदूळ तीन दिवस भिजलेत, रोज पाणी बदललंय, म्हणजे बाई घरीच होती!

त्यातली बिस्किटं करून बघा, पण जपून. ३५० अंश हे फॅरनहाइट आहेत, म्हणजे आपले साधारण १७७. लोण्याची 'स्टिक' ११३ ग्रॅमची. मी ते सेल्सिअस समजून ओटीजी, म्हणजे घरचा छोटा ओव्हन, पार २५० वर नेला, पहिला घाणा कोळसा. दुसऱ्यावर सासूबाईंनी जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरलं. इंदूरच ना शेवटी.