हाडातलं इन्फेक्शन: तुमच्या लक्षात नेमकं कशावरून आलं?

रानजाई

मागच्या पावसाळ्यात माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पायाच्या हाडात पू झाला. ऑस्टिओमायलायटिस. हाड मोडतं, झिजतं, ठिसूळ होतं हे ठाऊक होतं. हाड पिकतं, हे नव्हतं ठाऊक.

सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडला होता, त्यामुळे सगळ्यांचं एकच: मुका मार. आम्हीही तेच धरून बसलो. एक्स-रे काढला, काही नाही. क्रेप बँडेज, तापाचं औषध, ‘दोन दिवसांत उड्या मारेल.’ दोन दिवसांनी तो लंगडी घालत बाथरूमला जायला लागला. आम्हाला वाटलं खेळतोय. हॉलपासून बाथरूमपर्यंत भिंतीवर त्याच्या तळव्याचे मळके ठसे उमटले होते, एकाच उंचीवर, ओळीनं. भिंत खराब केली म्हणून मी त्याला ओरडले. ते अजून गिळवत नाही.

चौथ्या रात्री ताप १०३. आणि लागलं होतं गुडघ्याला, दुखत होतं घोट्याच्या वर. हे माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं, माझ्या नाही. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी त्याच्याशी शाळेच्या गप्पा मारल्या आणि बोलता बोलता एकाच बोटानं नडगीवर वरून खाली दाबत आले. घोट्याच्या चार बोटं वर पोरगं किंचाळलं. पुन्हा वरून सुरुवात, पुन्हा तिथेच. “मुका मार असा बोटभर जागेत बसत नाही,” म्हणाले.

आधी रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला), मगच अँटिबायोटिक. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, १४२ (आमच्या लॅबच्या कागदावर ६ च्या आत असायला हवा होता). एमआरआयमध्ये हाडाच्या टोकाशी पू दिसला आणि त्याच रात्री हाडाला भोक पाडून तो काढला. जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एरवी आपल्या कातडीवर आणि नाकात गुपचूप बसलेला असतो तोच. डॉक्टरांनी समजावलं ते असं: मुलांची लांब हाडं टोकाजवळ जिथून वाढतात तिथे रक्त संथ वाहतं. कुठल्याशा खरचटीतून रक्तात शिरलेला जंतू तिथे ठाण मांडतो. घसरगुंडी बिचारी फार तर निमित्त. सलाइनमधून नऊ दिवस आणि मग गोळ्या, मिळून पाच आठवडे. आता पळतो.

इथे मला औषधांची नावं नकोत. सुरुवातीला सगळ्यांना काय वाटलं होतं आणि शंका कशावरून आली, एवढंच लिहा.

द्राक्षबाग

निफाड तालुका. आमचे अण्णा, वय ६४, शुगर वीस वर्षांची. शुगरनं पाय बधिर झालेले, त्यामुळे बाभळीचा काटा तळव्यात मोडला आणि त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी ओट्यावर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा आई म्हणाली, कुणाचा पाय कापलाय बघा. सगळ्यांनी आपापले पाय बघितले. अण्णांचा निघाला.

सुरुवातीला काय वाटलं? काहीच नाही. दुखतच नव्हतं, मग वाटायचं काय! गावातच एक दिवसाआड ड्रेसिंग. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, वरून कोरडी दिसायची. दोन महिने झाले. ताप नाही, ठणका नाही, अण्णा रोज बागेत. मग अंगठा सुजला, वरपासून खालपर्यंत सारखाच जाड, लालसर, चकचकीत. आणि मोजे काढले की वास.

नाशिकला डॉक्टरांनी एक बोथट टोकाची बारीक सळई जखमेत हळूच घातली. मी शेजारीच उभा होतो. मऊ मऊ जात अचानक ती कशावर तरी अडली. खडकाला पहार लागावी तशी, फक्त बारीक. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “हाड लागलं. जखम हाडापर्यंत गेलीय म्हटल्यावर हाडात इन्फेक्शन असणार असंच धरून चालायचं.” अण्णा तेव्हा फोनवर मजुरांचा हिशेब करत होते. त्यांच्या पायात सळई आहे हे त्यांना जाणवतही नव्हतं.

अंगठा काढावा लागला. आता आई रोज रात्री त्यांच्या तळव्याखाली आरसा धरते, ते कुरकुरतात.

किक मारली

बुलेटवरून पडलो, २०१९. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. रॉड टाकला. सहा महिन्यांत चालायला लागलो, ऑफिस सुरू.

आठव्या महिन्यात टाक्यांच्या जागी एक पुटकुळी. उन्हाळा होता, घामोळं समजलो. फुटली, थोडं पाणी आलं, सुकली. पंधरा दिवसांनी तिथेच पुन्हा. हा खेळ वर्षभर चालला. बंद असली की आतून ठणकायचं, फुटली की बरं वाटायचं. त्यामुळे मी फुटण्याचीच वाट बघायचो! फिक्या रंगाच्या पँटी घालणं सोडून दिलं, कारण दुपारपर्यंत नडगीवर पिवळट डाग. ऑफिसात कुणी विचारलं तर ‘चहा सांडला’. किती वेळा चहा सांडणार?

एक दिवस ड्रेसिंगच्या कापसावर पांढरं काहीतरी चिकटून आलं, तांदळाच्या कणीएवढं. दाताला लावून बघितलं (हो, माहितेय, किळसवाणं आहे). टणक. हाडाचा कपचा होता. रक्तपुरवठा तुटून मेलेलं हाड शरीर असं बाहेर ढकलतं. माझी आजी असती तर लगेच म्हणाली असती, “हाड्याव्रण आहे रे हा, मलमानं नाही जायचा.” जुन्या माणसांकडे शब्द होता.

रॉडवर जंतूंचा चिकट थर बसला होता. त्याच्या आत औषध नीट पोचत नाही, म्हणून गोळ्या घेतल्या की दबायचं आणि सोडल्या की उसळायचं. रॉड काढला, मेलेलं हाड तासून काढलं आणि पायाभोवती इलिझारॉव्हच्या रिंगा बसवल्या. सोव्हिएत काळात सायबेरियातल्या कुर्गानला त्या डॉक्टरांनी शोधलेली पद्धत. हाड वेगळ्या जागी कापतात आणि पाव पाव मिलिमीटर असं दिवसातून चारदा, म्हणजे रोज एक मिलिमीटर सरकवतात. मागे नवं हाड धरत जातं. पाना माझ्याच हातात. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा असे गजर. बायको म्हणायची, पोरांना इतक्या वक्तशीर दूध पाजलं नव्हतंस.

शंका कशावरून यायला हवी होती? जुन्या जखमेच्या जागी तीच ती पुटकुळी. एवढंच.

सात-बारा लोकल

डोंबिवली ते सीएसएमटी, अकरा वर्षं. पाठ दुखणार नाही तर काय होणार, हे मीच सगळ्यांना सांगायचे. गादी बदलली, पर्स बदलली, सायटिकाचे व्यायाम केले, एका काकांनी सुचवलेला पट्टा बांधला.

पण गाडीत उभं राहून दुखणारी पाठ रात्री आडवं झाल्यावर थांबायला हवी ना? माझी पहाटे तीनला उठवायची. संध्याकाळी अंग कोमट. थर्मामीटर लावला तर ९९.५, म्हणून ताप म्हणायची लाज वाटायची. आई म्हणायची हाडीताप आहे. चार महिन्यांत सहा किलो कमी झाले तर मैत्रिणी डाएट विचारायला लागल्या. मी सांगितलंही, खोटंखोटं.

मग एक दिवस जिना उतरताना मागून एका बाईंनी हाक मारली, “ताई, तुमची चप्पल.” डाव्या पायातली चप्पल तीन पायऱ्या मागे राहिली होती. मला कळलंच नव्हतं. तिथे, त्या गर्दीत, मला पहिल्यांदा भीती वाटली.

मणक्याचा टीबी. दोन मणके आणि मधली गादी पोखरलेली, पू मज्जारज्जूवर दाबत होता. गंमत म्हणजे इतका पू असून वरून पाठ लाल नव्हती, गरम नव्हती. टीबीचा गळू थंडच असतो म्हणे. सुईनं नमुना घेऊन सीबीनॅट (टीबीचा जंतू जनुकांवरून ओळखणारी चाचणी) केलं, कुठली औषधं लागू पडतील तेही त्यातून थोडंफार कळलं. बारा महिने सांगितलेला एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) माझ्या बाबतीत अठरा महिने चालला. टीबी रुग्णांच्या खाण्यासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे ५०० रुपये महिन्याला खात्यात यायचे (नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत), त्याची अंडी आणायची असं मी ठरवून टाकलं होतं. खोकला एकदाही आला नाही. टीबी म्हणजे खोकला, हे डोक्यातून काढा.

मोहफूल

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. माझ्या लहान भावाला सिकलसेल आहे, रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो जन्मजात आजार. आमच्याकडं ‘दुखून राहिलं’ हे रोजचंच आहे, क्रायसिस (दुखण्याचा झटका) आली की हातपाय, पाठ, सगळंच दुखते. पाणी पाजा, शेकवा, गोळी द्या, नाहीच थांबलं तर भरती करा. हे सगळं पाठ आहे आम्हाले.

त्यामुळंच फसलो. या वेळी फक्त उजवा दंड. नेहमीची क्रायसिस जागा बदलते, चार-सहा दिवसांत ओसरते. ही बारा दिवस एकाच जागी बसली होती अन् ताप उतरून राहिला नव्हता. वॉर्डात पण सगळे म्हणे, सिकलचंच आहे. शेवटी भाऊच म्हणाला, “ताई, हे माझं नेहमीचं दुखणं नाही.” पंधरा वर्षांचा पोरगा, आपल्या दुखण्याला ओळखते तो. मी तेच वाक्य डॉक्टरला जाऊन सांगितलं. कल्चरमध्ये साल्मोनेला निघाला, टायफॉइडच्या कुळातला. सिकलसेलमध्ये हा हाडात जाते हे नंतर समजलं.

एक दाढ कमी

थोडक्यात लिहिते. २०२१ ची दुसरी लाट, कोविड, स्टेरॉइड, शुगर ४०० च्या वर. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी वरची दाढ हलायला लागली. काढली. खड्डा भरेना, शेजारची हलायला लागली, गाल बधिर. म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, वरच्या जबड्याच्या हाडात. एक दात हलला तर दाताचा दोष, ओळीनं हलले तर हाडाकडे बघा, असं माझ्या डेंटिस्ट म्हणाल्या. त्यांनी त्याच दिवशी पुढे पाठवलं म्हणून डोळा वाचला.

प्लास्टरवाला

ऑर्थोपेडिक सर्जन आहे. धागा चांगला आहे, पण वाचून उद्या प्रत्येक लंगडणाऱ्या पोराचा एमआरआय मागायला येऊ नका, म्हणून लिहितोय.

वाढीच्या वयातलं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी पोरगं ठणठणीत. एका बाजूला, एका ठिकाणी, सकाळीही लंगडणं आणि ताप, हे वेगळं. त्यात पोरानं पाय टेकायलाच नकार दिला तर त्याच दिवशी दाखवा, कारण सांध्यात पू झाला असेल तर कूर्चा (सांध्यातलं हाडांवरचं गुळगुळीत आवरण) काही दिवसांत खराब होते.

रानजाई, तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा एक्स-रे चुकला नव्हता. हाडातले तीसेक टक्के क्षार गेल्याशिवाय फिल्मवर काही दिसत नाही, त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. चूक असलीच तर ‘एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड नॉर्मल’ असं मानण्यात. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कित्येकदा नॉर्मल येतात, सीआरपी आणि ईएसआर (तीही सुजेचीच रक्ततपासणी) जास्त बोलतात.

तान्ह्या बाळांचं कुणी लिहिलं नाही. त्यांना ताप येईलच असं नाही. बाळ एक हात हलवत नाही, लंगोट बदलताना एकच पाय उचलला की रडतं. घरचे म्हणतात हात अवघडला, आणि मालिशवाल्या बाई जोर लावतात. कृपा करून लावू देऊ नका.

आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप. दोन दिवस घेऊन ताप उतरतो, हाड आतून पिकत राहतं आणि कल्चरमध्ये आम्हाला काही सापडत नाही. यावर माझा राग आहे, तो इथेच आवरतो.

कोथिंबीर

द्राक्षबाग यांचं वाचून पोटात गोळा आला. माझ्या बाबांना शुगर आहे. चपलेच्या पट्ट्यानं करंगळीशेजारचं बोट कापलं होतं, दीड महिना झाला. बोट गाजरासारखं झालंय, पण दुखत नाही म्हणतात. अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची आहे. चालेल का?

प्लास्टरवाला

नाही. आज. दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. मोजे-बूट न घालता, जुन्या ड्रेसिंगसकट न्या. कुठली गोळी चालू असेल तर पाकीट बरोबर ठेवा.

द्राक्षबाग

ताई, जखम सळईनं तपासतात तेव्हा बाबांच्या डोक्याशी उभ्या राहा. पायाशी नको.

कोथिंबीर

रात्री दाखवलं. सळई हाडाला लागली. मी पायाशीच उभी होते, ऐकायला हवं होतं तुमचं. भरती केलंय, उद्या एमआरआय, बोट राहील की नाही ते त्यानंतर. बाबांना फक्त एवढंच विचारायचं होतं की मागच्याच आठवड्यात घेतलेली चप्पल दुकानदार परत घेईल का.