काम भारतात गेलं, नोकरी गेली; ट्रेनिंगचा खर्च कुठून मिळेल? (न्यू जर्सी)

बायकोची विमा कंपनीतली क्लेम्सची नोकरी गेली. ते काम पुण्याला हलवलं (हो, आपल्याच पुण्याला!). ग्रीन कार्ड आहे, बेकारी भत्ता सुरू आहे.

ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स (परदेशी व्यापारामुळे किंवा काम परदेशी गेल्याने नोकरी गेलेल्यांसाठीची अमेरिकी सरकारची योजना) पाहून झालं. २०१५च्या कायद्यात सेवाक्षेत्रातले कर्मचारी बसत होते, जुलै २०२१पासून ते वगळले, आणि १ जुलै २०२२पासून तर नवे अर्जच घेत नाहीत. तेव्हा कृपया तेच पुन्हा सुचवू नका.

उरला विओआ (WIOA, अमेरिकेचा रोजगार-प्रशिक्षणाचा कायदा) कायद्यातला ‘डिसलोकेटेड वर्कर’ निधी, म्हणजे कपातीत नोकरी गेलेल्यांसाठीचा. तिला मेडिकल कोडिंग (बिलांसाठी आजार-उपचारांना ठरावीक कोड देण्याचं काम) शिकायचंय. वर्ग दिवसाचे आहेत. या निधीतून कोणी कोर्स केलाय का? वर्ग सुरू असताना भत्ता थांबू नये म्हणून प्रवेश घेण्याआधीच मंजुरी लागते का, आणि ती कोण देतं?