बडोदा: कॉन्ट्रॅक्टर गच्ची आणि बाथरूम फोडून गायब, पाऊस तोंडावर आलाय, काय करू?

दांडियाबाजारची_लेक (24 मे)
नमस्कार सगळ्यांना, जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या. दांडिया बाजारात आमचं जुनं दुमजली घर आहे, आई (वय 76) आणि मी दोघीच राहतो. मागच्या पावसाळ्यात देवघराच्या भिंतीला ओल आली आणि वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या खोलीत टपकायला लागलं म्हणून एप्रिलमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाथरूम दोन्ही एकालाच दिलं. ओळखीतून आलेला माणूस, चहा घेऊन आईच्या पाया पडून गेला, मला वाटलं चांगला दिसतोय. माल-मजुरी धरून 1,85,000 ठरले, कागदावर काही नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. सुरुवातीला 50,000 दिले, मग माल भरायचाय म्हणून 40,000, मग टाइल्सचे 35,000, म्हणजे 1,25,000 गेले आणि त्या टाइल्स अजून मी डोळ्यांनी बघितल्या नाहीत.

गच्चीवरचं चायना मोझॅक नि त्याखालचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) फोडून ढीग तिथेच टाकलाय, बाथरूममधलं संडासाचं भांडं काढून ठेवलंय, घरात सिमेंटची सहा पोती पडून आहेत आणि 9 मेपासून एक माणूस फिरकला नाही. फोन केला की "काले पाक्कुं, बेन", म्हणजे उद्या नक्की. असे किती काले झाले. आईला रात्री जिना उतरून खाली जावं लागतं, एका हातात टॉर्च, एका हाताने कठडा, आणि मी तिची पावलं मोजत जागी असते. दुसरा माणूस लावला तर आधीचे पैसे बुडतील का? पोलिसात जाऊ का? काही सुचत नाही.

कारेलीबागचे_काका
बाळ, पैशाचं नंतर, आधी गच्चीवरचा तो ढीग उद्याच्या उद्या खाली उतरव. 35 वर्षं बांधकामात काढली म्हणून सांगतो, कोब्याचा राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, भिजला की फार जड होतो आणि वाहून गेला की पाणी जायची पाइप तोच बुजवतो, मग गच्चीचा हौद होतो. 600 चौरस फुटांवर चार इंच पाणी साचलं तर साडेपाच टनांच्या वर वजन होतं आणि तुमच्या भागातल्या जुन्या घरांत स्लॅबखाली कित्येकदा लाकडी तुळया असतात. पाइपच्या तोंडाला जाळी लाव. मग ताडपत्री, पण सपाट अंथरून वर विटा ठेवू नकोस, तिला मधे बांबूचा उंचवटा दे नि कडा पॅरापेटवरून बाहेर सोडून बांध म्हणजे पाणी निघून जाईल.

गच्चीचं पक्कं काम आत्ता घाईघाईत करून घेऊ नकोस. कोबा घातल्यावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, शंभर फुटाला एक फूट उतार हवा आणि भिंत नि गच्चीच्या सांध्यात गोल वाटा (सिमेंटचा गोलसर भराव) हवा, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. पावसाच्या आधी आठ दिवसांत उरकलेलं काम पुढच्या वर्षी परत फोडावं लागेल. बाथरूम मात्र लगेच कर. टाइल्स बसवायच्या आधी ड्रेन बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि खालचं छत बघायचं. गच्चीवर ही पाणी भरायची टेस्ट कुणी सुचवली तर खाली तुळया आहेत का ते बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस.

मांजलपूरकर
काकांचं बरोबर आहे. पैशाचं मी सांगतो कारण दोन वर्षांपूर्वी माझं किचन असंच अर्धं राहिलं होतं. मी तीन महिने नुसते फोन केले ही माझी चूक, फोनवरच्या "येतो"चा कुठे पुरावा राहत नाही. तुम्ही त्याला आजच व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवा, काय ठरलं होतं, कुठल्या तारखेला किती दिले, 9 मेपासून काम बंद आहे, आणि अमुक तारखेपर्यंत चालू केलं नाही तर मी दुसऱ्याकडून करून घेईन आणि तो खर्च तुमच्या हिशोबात धरीन. हेच कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. दुसरा माणूस हात लावायच्या आधी टेप धरून फोटो-व्हिडिओ काढा, सहा पोत्यांचाही, आणि उरलेल्या कामाची दोघांकडून लेखी एस्टिमेट घ्या. नाहीतर तो उद्या म्हणणार मी तर 80 टक्के काम केलं होतं.

पोलिस बहुतेक दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील, जायचं तर जा पण त्यावर अवलंबून राहू नका. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच केस करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि चॅट आहेत ना, ते जपून ठेवा, फोन बदललात तर आधी बॅकअप घ्या.

वाडीतला_कंत्राटदार
ताई, मी हेच काम करतो, छोटी छोटी कामं. तुमच्या माणसाची बाजू घेत नाही पण आत काय चालतं ते सांगतो. दाहोद-झाबुआकडची माणसं मेमध्ये लग्नाला गावी जातात, पहिला पाऊस पडला की पेरणीला, ते खरंच असतं आणि ते आधी पार्टीला, म्हणजे घरमालकाला, सांगायला पाहिजे, आम्ही सांगत नाही कारण काम हातचं जाईल अशी भीती असते. पण 1,25,000 घेऊन टाइल्स आल्या नाहीत म्हणजे तुमच्या पैशाने दुसऱ्या साइटचा माल भरलाय, तिथली पार्टी अडकली की तुम्ही पण अडकलात. आमच्या लाइनमध्ये हे फार चालतं आणि ते चुकीचं आहे.

आता बाथरूम लेबर कॉन्ट्रॅक्टवर द्या. माल तुम्ही स्वतः दुकानातून बिलावर घ्या, मजुरी कामाप्रमाणे, तोडफोड-प्लंबिंग झालं की एवढे, पाण्याची टेस्ट पास झाली की एवढे, टाइल्स-फिटिंग झालं की एवढे. शेवटचे दहा टक्के महिनाभर हातात ठेवा. जो कडिया (गवंडी) "मला आधी अर्धे द्या" म्हणेल त्याला नको म्हणा, ज्याला काम येतं त्याला आठवड्याचा हिशोब चालतो.

दांडियाबाजारची_लेक (11 जून)
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. ढीग दोन ट्रॅक्टर निघाला, ताडपत्री बांधली, काकांनी सांगितलं तशीच. खालून बघितलं तर खरोखर लाकडी तुळया आहेत, एकीच्या टोकाला हात लावला तर भुसा आला, ती गच्चीच्या आधी बदलायची. 2 तारखेची मुदत दिली होती, तो आला नाही, म्हणून बाथरूम दुसऱ्या कडियाला दिलं. 48 तास पाणी ठेवलं, रेघ जिथल्या तिथे, खालचं छत कोरडं. परवापासून आईचा जिना बंद.

पत्र पोचल्यावर मात्र पहिल्याचा स्वतःहून फोन आला, म्हणतो आत्ता 30,000 परत देतो, विषय संपवा. घेऊ का?

मांजलपूरकर
घ्या, पण रोख नको, खात्यावर घ्या. आणि लगेच मेसेज टाका की हे 30,000 हिशोबापोटी मिळाले, इतके बाकी आहेत. "पूर्ण आणि अंतिम" असं लिहून मागेल, त्याच्यावर सही करू नका.