सायकलिंगला कॉटन की पॉलिएस्टर? रविवारच्या आत सांगा

घामाघूम: रोज सायकलने ऑफिसला जातो. टी-शर्ट पोचेपर्यंत पिळून काढावा लागतो. रविवारी लांबची राइड आहे, त्याआधी खरेदी करायचीय. कॉटन की पॉलिएस्टर, एवढंच सांगा. सायकलचे फायदे नकोत.

वऱ्हाडी_पायडल: कॉटनच. अकोल्यात मे महिन्यात 43 अंशांत चालवतो. सैल, लांब बाह्यांचा सुती शर्ट. ओला झाला की वाऱ्यानं गार लागते.

खाडीकाठ: भाऊ, तुमची हवा कोरडी, घाम लगेच उडतो. घामाघूम, गाव कोणतं? अंतर किती? आत्ताचे टी-शर्ट कशाचे?

घामाघूम: ठाणे ते पवई, अजून कुठे असणार! कॉटनचेच आहेत, जाड.

खाडीकाठ: मग झालं. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, आपल्या दमट हवेत ते सुकत नाही. पातळ, जाळीदार विणीचं पॉलिएस्टर घ्या, 120-130 जीएसएम (चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये; आकडा कमी तितकं कापड हलकं). घाम येणारच, कापड लवकर सुकेल इतकंच. सिग्नलला थांबलात की पुन्हा निथळाल.

सुताडी: आणि त्या पॉलिएस्टरचा वास? लिफ्टमध्ये लोक नाक मुरडतात. मी पातळ मेरिनो लोकर वापरते.

वऱ्हाडी_पायडल: लोकर? उन्हाळ्यात? 😂

सुताडी: स्वेटर नाही हो, 150 जीएसएमचा टी-शर्ट. दोन-तीन दिवस वास येत नाही. महाग आहे आणि लवकर विरतो, हे मान्य.

खाडीकाठ: पोचल्यावर जर्सी साध्या पाण्यातून काढली की वास राहत नाही. फक्त फॅब्रिक सॉफ्टनर नको. त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही.

टायरबुवा: टायरमध्ये हवा किती ठेवता? कमी असेल तर दम जास्त लागतो, घाम त्यामुळे.

घामाघूम: बुवा, कपडे विचारलेत. आणि खरं सांगायचं तर टी-शर्टचं एकवेळ चालेल, जांघेत सोलवटलंय त्याचं काय?

खाडीकाठ: हे आधी सांगायचं ना! खाली काय घालता?

घामाघूम: जीन्स. ऑफिस आहे.

सुताडी: अरे देवा. जीन्सची जाड शिवण, त्यात घाम. पॅडेड शॉर्ट घ्या, जीन्स बॅगेत न्या. आत अंडरवेअर घालायची नाही, तिचीच शिवण घासते.

वऱ्हाडी_पायडल: मी तर घालतो. काही होत नाही.

खाडीकाठ: किती किलोमीटर चालवता?

वऱ्हाडी_पायडल: 6.

खाडीकाठ: 🙏 घामाघूम, सोलवटलेलं भरेपर्यंत रविवारची राइड पुढे ढकला. नंतर निघताना व्हॅसलिन लावत जा.

घामाघूम: राइड रद्द होणार नाही, पैसे भरलेत. आत काहीच नाही म्हणजे शॉर्ट रोज धुवायची. पावसाळ्यात रात्रीत सुकते का?

टायरबुवा: पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, ग्रिप मिळते.