आपेल्सीनमधला ‘सीन’ कुठला?

रामबागची आजी
मुलगा-सून नॉर्वेत, बर्गनला असतात. गेल्या इस्टरला मी तिथेच होते. सगळे बर्फात फिरायला निघाले, तर सुनेने माझ्या पिशवीत चार संत्री कोंबली. इस्टरला डोंगरावर बसून संत्रं सोलायचं, हा तिथला कुळाचारच म्हणा ना! नातू त्याला ‘आपेल्सीन’ म्हणतो. यातलं सफरचंद कळलं, पण ‘सीन’ कुठला? आणि त्याच्या स्वेटरचा रंग मात्र ‘ओरांश’. फळाला एक नाव, रंगाला दुसरं. आपल्या इंदुरात बरंय बाई, फळ संतरा आणि रंग संतरी, भानगड नाही.

सियागंज_कट्टा
काकू, सीन म्हणजे चीन! नॉर्वेजियनने हा शब्द उत्तर जर्मनीतल्या लो जर्मन बोलीतून उचलला: ‘आपेलसीना’, चीनचं सफरचंद. डचांनी तोच उलटा मांडला, ‘सिनासआपेल’. गोड संत्रं युरोपभर पसरलं ते पोर्तुगीज जहाजांच्या काळात, म्हणून नावाला मुलूख चिकटला. आपली मोसंबी नाही का मोझांबिकची?

जुनी_वही
रंगाचा शब्द फ्रेंच ‘ओरांज’वरून आलाय आणि त्याचं मूळ आपल्या अंगणात आहे. संस्कृत नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा. इटलीत ‘उना नारांचा’ म्हणता म्हणता ‘न’ मागच्या शब्दात विरघळला नि ‘आरांचा’ उरलं. फ्रेंचमध्ये ‘ओर’ म्हणजे सोनं, त्याचाही हात फिरला असणार. अरबांनी नेलं ते आंबट नारिंग, गोड भावंड मागाहून आलं. त्या आंबटाला नॉर्वेत अजून ‘पोमेरान्स’ म्हणतात, त्यातही शेवटी नारंगच लपलंय.

रामबागची आजी
अगंबाई! माझ्या सासूबाई ‘नारिंगी लुगडं’ म्हणायच्या, तेव्हा आम्ही सुना तोंडाला पदर लावून हसायचो. काल रात्री नातवाला फोनवर सगळं ऐकवलं, जरा ऐटीतच. तर म्हणतो, “आजी, नारंग तुमचं होतं, मग तू संतरा का म्हणतेस?” झाली ना पंचाईत. आता याचं सांगा कोणीतरी, रविवारी परत फोन येईल त्याचा.